स्वतःचं दुःख ताजं असताना सेवेला जावं का?

प्रश्न ऐरोलीच्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: यजमान बरेच दिवस डायलिसिसवर होते, गेल्या पावसाळ्यात गेले. मुलगा बारावीत आहे, घरात सासूबाई आहेत. ताई दर रविवारी उपासनेला जातात, पण घरी प्रार्थनेला बसलं की शब्दच फुटत नाहीत. चर्चच्या मंडळीतल्या बायका म्हणतात, "आमच्याबरोबर आजाऱ्यांच्या भेटींना चल, मन रमेल, प्रभू बळ देईल." सासूबाई म्हणतात, "आधी घर सांभाळ." आपलाच विश्वास डळमळलेला असताना दुसऱ्याला धीर द्यायला जाणं हे ढोंग नाही का, आणि जायचंच तर सुरुवात कुठून करायची, असं ताईंना विचारायचंय.

मी सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स होते. निवृत्त झाल्यापासून ठाण्यात आमच्या मंडळीच्या आजारी-भेटींचं काम बघते. म्हणजे वॉर्डातल्या खाटेच्या या बाजूला आयुष्य गेलं आणि आता त्या बाजूच्या स्टुलावर बसते. जे लिहितेय ते दोन्हीकडून बघून.

ताई, ढोंग अजिबात नाही. पण "मन रमेल" हेही मला पटत नाही. मन रमवायला तलावपाळीला एक चक्कर पुरते. आजाऱ्याच्या घरी मन रमत नाही. तिथे स्पिरिटचा वास येतो, औषधांच्या पट्ट्यांचा डबा दिसतो, डायलिसिसच्या सुयांसाठी हातावर केलेल्या फिश्चुलाची फुगलेली शीर दिसते, आणि तुमचं मागचं सगळं भराभर डोळ्यांपुढून जातं. मन रमेल या आशेने गेलेली बाई दुसऱ्या भेटीनंतर येत नाही. वर स्वतःलाच दोष देते की आपला विश्वास कमी पडला.

बळ मिळतं, हे मात्र खरं. ते कसं मिळतं, हे पवित्र शास्त्रात बऱ्यापैकी स्पष्ट आहे, पण आपण घाईघाईने वाचतो. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय काढा. एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धाकाने पळालाय, रानात रतामाच्या झुडपाखाली बसलाय आणि देवाजवळ मरण मागतोय. देव त्याला काय देतो? आधी झोप. मग देवदूत उठवतो तर उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला लावतो, पुढचा पल्ला लांबचा आहे म्हणून. मरण मागितलं म्हणून कुणी रागावत नाही, विश्वास कुठे गेला म्हणून कुणी विचारत नाही. काम येतं ते फार नंतर, होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांच्या चालीनंतर. आणि त्या कामातही एक गोष्ट अशी सांगितलेली आहे की अलीशाला संदेष्टा म्हणून अभिषेक कर, आणि तो अलीशा मग एलीयाच्या मागे जाऊन त्याची सेवा करतो. मी एकटाच उरलो, असं एलीयाने दोनदा म्हटलं होतं. त्यावर देव सांगतो की इस्राएलात अजून सात हजार आहेत.

झोप, भाकर, पुन्हा झोप, पुन्हा भाकर, मग काम, आणि कामाला सोबती. हा क्रम मी धरून ठेवलाय. आपल्या मंडळ्यांमध्ये होतं असं की दुःखी माणसाला आपण थेट होरेबावर नेऊन उभं करतो.

दुसरी जागा पौलाची. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीचं वचन आपल्याकडे प्रत्येक सांत्वनसभेत वाचलं जातं: देव आमच्या संकटात आमचं सांत्वन करतो, यासाठी की आम्हीही संकटातल्या इतरांचं करावं. ते वाचून पुस्तक मिटतात. चार ओळी पुढे पौल लिहितो की आशियात आमच्यावर इतका भार आला की जगण्याचीही आशा सुटली. आणि सातव्या अध्यायात येतं की देवाने आमचं सांत्वन केलं ते तीताच्या येण्याने. तीत म्हणजे एक माणूस. वाट तुडवत आला, दारात उभा राहिला, करिंथची खबर सांगितली. एवढ्या मोठ्या प्रेषिताचं सांत्वन देवाने एका पाहुण्याकरवी केलं. तेव्हा घेण्यात कमीपणा वाटत असेल तर तो आधी काढून टाका. माझा अनुभव असा की ज्या माणसाला घेता येत नाही, त्याला दिल्याने बळ मिळत नाही. तो नुसता थकतो.

म्हणून तुमची पहिली सेवा ही, की कुणाला तरी तुमच्या घरात येऊ द्या. "सगळं ठीक आहे, प्रभूची कृपा" हे वाक्य काही दिवस बाजूला ठेवा आणि एखादी नेमकी गोष्ट मागा. यजमानांच्या खात्याचं, विम्याचं, भविष्य निर्वाह निधीचं नॉमिनीचं काम अडलंय? मंडळीत बँकेतून निवृत्त झालेला कुणी ना कुणी असतोच, आणि नाताळच्या वर्गणीपलीकडे त्याला कुणी काही विचारत नाही. त्याला एक संध्याकाळ घरी बोलवा, कागद पुढे ठेवा. मुलाच्या क्लासचं जाणं-येणं, गॅसचा नंबर, असलं काहीही चालेल. येशूने शोमरोनी बाईशी बोलणं सुरू केलं ते तिच्याकडे प्यायला पाणी मागून. विहिरीपाशी तो दमून बसला होता, असं योहानाने स्पष्ट लिहिलंय.

हे झालं की मग भेटींना जा. पण लगेच डायलिसिसवाल्यांच्या घरी नको. लोक तुम्हाला नेमकं तिथेच पाठवतील, "तुला त्यातलं कळतं" म्हणून. कळतं, आणि तुमच्याइतकं मंडळीत कुणालाच कळत नसेल, त्याकडे मी येतेच. पण माझी एक कसोटी आहे: त्या घरी बसून स्वतःची गोष्ट न सांगता तुम्ही परत येऊ शकता का? येऊ शकत असाल तर जा. नसाल तर अजून वेळ आहे, त्यात वाईट काही नाही. तोवर म्हाताऱ्यांकडे जा. ठाण्या-नवी मुंबईत दर दुसऱ्या इमारतीत एक आजी असते जिची मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, आणि दिवसभरात फक्त कचरेवाला बेल वाजवतो.

आमच्या मंडळीतल्या एका बाईचा तरुण मुलगा गेला. तिला प्रार्थना करवत नव्हती, तुमच्यासारखंच. तिला मी एकच काम दिलं: खारेगावात एक आजी आहेत, दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, आठवड्यातून एकदा जाऊन त्यांना एक स्तोत्र वाचून दाखवायचं. बोलायचं नाही, समजावायचं नाही, प्रार्थना पुढारायची नाही. पहिल्या दिवशी तिने १२१ वं स्तोत्र काढलं, "मी आपली दृष्टी डोंगरांकडे लावतो", आणि दुसऱ्या ओळीपाशी तिचा आवाज बसला. उरलेलं स्तोत्र आजींनी तोंडपाठ म्हटलं, जुन्या भाषांतरातलं. म्हणून झाल्यावर विचारलं, "तुझं नाव काय? उद्यापासून प्रार्थनेत घेते." ही बाई घरी आली आणि रात्री त्या आजींच्या डोळ्यांसाठी तिने प्रार्थना केली. कित्येक दिवसांतली पहिली. स्वतःसाठी शब्द सुचत नव्हते, दुसऱ्याचं नाव घेतल्यावर सुचले.

यात चमत्कार शोधू नका. मी हे इतक्यांदा पाहिलंय की मला ते आता अंगाच्या हालचालीसारखं साधं वाटतं. आपलं दुःख सरळ समोर धरलं की प्रार्थनेचा घसा दाटतो. दुसऱ्याचं नाव घेतलं की मोकळा होतो, आणि त्याच वाटेने हळूहळू आपलंही बाहेर येतं. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात लिहिलंय की त्याने आपल्या मित्रांसाठी प्रार्थना केली तेव्हा परमेश्वराने त्याची दशा पालटली. मात्र याचा सौदा करू नका, की मी चार घरी जाते, देवा, तू माझं दुःख काढ. ईयोबाला तेव्हा पुढचं काहीच ठाऊक नव्हतं. अंगावर फोड तसेच होते आणि ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची ते मित्र त्याला डाचून बोललेले होते.

शब्द येतच नसतील तर उसने घ्या. स्तोत्रसंहिता त्यासाठीच आहे. आणि गोडच स्तोत्रं वाचली पाहिजेत असं नाही. ८८ वं स्तोत्र अंधारावर संपतं, शेवटी एकही आशेची ओळ नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. उपासना-संगीतातलं एखादं गीत नुसतं वाचलंत तरी चालेल.

आता डायलिसिसकडे. वेळ आली की तुम्ही जे देऊ शकाल ते आमच्यातला कुणीच देऊ शकणार नाही. आपल्याकडे आजाऱ्याला बघायला जाताना लोक काय नेतात? डझनभर केळी नाहीतर शहाळं. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाला दोन्ही घातक, कारण त्यातलं पोटॅशियम शरीराबाहेर पडत नाही आणि हृदयाची लय बिघडू शकते. घरचे भिडेखातर काही बोलत नाहीत, पाहुणा आग्रह करून पाजतो. तुम्हाला हे माहीत आहे. बटाटा, पालेभाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचं, हे माहीत आहे. लो-सोडियम म्हणून जे मीठ मिळतं त्यात बहुधा पोटॅशियमच असतं आणि ते या रुग्णाला चालत नाही, हे कित्येक शिकलेल्या घरांत माहीत नसतं. दिवसाचं पाणी सकाळीच बाटलीत मोजून ठेवायचं, फारच तहान लागली तर बर्फाचा खडा चघळायचा. फिश्चुलाच्या हातावर ब्लडप्रेशर मोजू द्यायचं नाही, त्या हाताने पिशवी उचलायची नाही. प्रत्येकाचं पथ्य वेगळं असतं, ते त्यांच्या डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञाने ठरवायचं. पण "हे त्यांना विचारा" एवढं सांगणारं माणूस नव्या घरात देवदूतासारखं वाटतं.

आणि वेळ द्या. डायलिसिस आठवड्यातून बहुधा तीनदा असतं, दर वेळी चारेक तास, वर जाण्या-येण्याचा वेळ. त्या घरातली बाई बँकेत कधी जाणार, स्वतःच्या दुखऱ्या दाताला डॉक्टरकडे कधी नेणार? तुम्ही सेंटरवर तिच्या जागी बसलात तर तिला एक अख्खी दुपार मिळते. तिथे बसून बायबल वाचून दाखवायची गरज नाही. यापोची टबीथा, तीच दुर्कस, तिच्याबद्दल प्रेषितांच्या पुस्तकात तिचं एकही वाक्य दिलेलं नाही. ती गेल्यावर विधवा रडत पेत्राला काय दाखवतात? तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे.

बोलण्याबद्दल थोडंच सांगते, कारण ते तुम्ही सोसलेलं असणार. "देवाची इच्छा", "देवाला चांगली माणसं लवकर लागतात", "अजून विश्वास धरा", यातलं काहीही तोंडातून काढायचं नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोवर ते उत्तम मित्र होते. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडल्यावर.

पैशाची मदत स्वतःच्या पर्समधून करू नका, निदान पहिल्या वर्षी. तुमचं घरही आता एका पगारावर नाहीतर निवृत्तिवेतनावर असेल. मंडळीचा निधी आहे, तो त्यासाठीच. शिवाय पैशापेक्षा माहिती जास्त कामाला येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी जायचं असतं, बिल झाल्यावर नव्हे. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. मोठ्या चकचकीत रुग्णालयांपैकीही काही धर्मादाय नोंदणीची असतात. घाबरलेल्या माणसाला हे सुचत नाही. त्याच्याबरोबर जाऊन खिडकीपाशी उभं राहणं, ही प्रार्थनेइतकीच मोठी गोष्ट आहे असं मी मानते. कुणी म्हणेल ही समाजसेवा झाली. म्हणू दे.

घर ख्रिस्ती नसेल तर एक नियम कडक पाळा. प्रार्थना करू का, हे आधी विचारायचं, आणि नको म्हटलं तर चेहरा न पाडता चहा घेऊन निघायचं. डायलिसिसवाला स्वतः चहा मोजून घेत असेल तर तोही नको. मदतीला कसलीही अट नाही, पत्रक ठेवून यायचं नाही, फोटो काढून मंडळीच्या ग्रुपवर टाकायचा नाही. आजारी माणूस अंथरुणावर असताना त्याला नाही म्हणणं जड जातं, त्याचा फायदा घेणं मला पाप वाटतं. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये, असं प्रभूने सांगितलं तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, पण रोख कुठे आहे हे कळतं.

दुःखातून सेवा कशी उभी राहते याचा आपल्या मराठी मंडळीतला सर्वांत मोठा दाखला पंडिता रमाबाईंचा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी आई, वडील आणि बहीण गमावली. पुढे भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले, पदरात तान्ही मनोरमा. १८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि शेकडो उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या, केडगावचं मुक्ती सदन त्यातून उभं राहिलं. भूक काय करते हे त्यांना सांगावं लागलं नाही. पण मधली वर्षं पाहा. आईवडिलांच्या मृत्यूपासून त्या दुष्काळापर्यंत वीसहून अधिक वर्षं गेली होती. त्या काळात त्या शिकल्या, परदेशी राहिल्या, दुसऱ्यांच्या आश्रयाला राहिल्या, १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं. तुमचं अजून वर्षही झालेलं नाही, ताई.

आता सासूबाई. तुमच्या प्रश्नात त्यांचं एकच वाक्य आलंय, आणि ते अडथळा म्हणून आलंय. पण त्या बाईंचा मुलगा गेलाय. मंडळीतून माणसं येतात ती "वहिनी कशा आहेत" विचारतात, तुमच्या मुलाच्या अभ्यासाचं विचारतात. म्हातारीला कुणी विचारत नाही, कारण तिने सोसलेलंच असतं असं आपण धरून चालतो. "आधी घर सांभाळ" याचा अर्थ कदाचित "मला एकटीला घरात सोडून जाऊ नकोस" असाही असेल. मी तुमच्या घरी आलेली नाही, पण अशा बऱ्याच घरांत बसलेय.

तेव्हा त्यांच्याबरोबर करता येईल असं काम आधी शोधा. खारघरला टाटाचं कर्करोग केंद्र आहे. तिथे राज्याबाहेरून आलेली कुटुंबं उपचार चालतील तितके दिवस खोल्या घेऊन राहतात, घरच्या जेवणाला तरसतात. ऐरोलीहून पनवेलची गाडी थेट खारघरला जाते, पुढे रिक्षा. तुमची मंडळी किंवा शेजारची एखादी तिथे आधीच डबे देत असेल तर त्यात एक डबा तुमचा लावा. नसेल तर एकटीने सुरू करू नका, हे निक्षून सांगते. केमोच्या रुग्णाला काय चालतं ते तिथल्यांनी सांगितल्याशिवाय काही नेऊ नका. कच्ची कोशिंबीर नको, सर्दी असताना तर दारातही जायचं नाही. पोळ्या सासूबाईंनी लाटाव्यात, डबा तुम्ही भरावा, जमलं तर दोघींनी मिळून पोचवावा. स्वयंपाकघरात हात चालू असताना बायका जे बोलतात ते सांत्वनसभेत बोलत नाहीत. मुलाबद्दल त्या पहिल्यांदा बोलल्या तर तिथेच बोलतील.

मर्यादा आधी ठरवा. आठवड्यातून एक भेट, तासाभराची, नेहमी दोघींनी मिळून. रात्री फोन घ्यायचा नाही. घरी येऊन अर्धा तास कुणाशी न बोलता बसायची सवय करा. शिष्य कामावरून परतले तेव्हा प्रभूने त्यांना एकांतात नेऊन विसावा घ्यायला सांगितलं, कारण लोकांच्या ये-जा मध्ये त्यांना जेवायलाही सवड मिळत नव्हती. रोज कुठे ना कुठे जावंसं वाटू लागलं, घरात थांबवेनासं झालं, किंवा कुणी आभार मानले नाहीत म्हणून राग येऊ लागला, तर थोडं थांबा. तेव्हा सेवा घरापासून पळायची वाट झालेली असते.

आणि एक गोष्ट नर्स म्हणून. झोप लागत नाही, जेवण जात नाही, सकाळी उठवत नाही, असं आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल, किंवा आपण नसलेलं बरं असं मनात येत असेल, तर भेटी-बिटी राहू द्या, आधी डॉक्टर. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे जायला लाजू नका. मी वॉर्डात पाळकांना औषध घेताना पाहिलंय आणि त्यांच्या विश्वासाला काही झालं नाही.

येत्या रविवारी उपासना झाल्यावर पाळकसाहेबांना गाठा आणि दोनच गोष्टी सांगा: मला अमुक एका कागदपत्राला मदत हवी आहे, आणि मला वाचून दाखवायला एक आजी हव्या आहेत. जास्त काही सांगायची गरज नाही. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात असते. त्या दिवसांत भेटी बंद राहतील हेही तेव्हाच बोलून ठेवा, म्हणजे मध्येच कुणी "सेवा का सोडली" म्हणून विचारायला येणार नाही.